पाटावरचे ऑर्लेक

“यंदा माझा लॅपटॉप पूजेला नको, आई,” निवेदिता म्हणाली. “गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात ना, परक्याचं हत्यार आपल्या पाटावर चढत नाही.”

खंडेनवमीची सकाळ होती. दुकानाच्या मधोमध तीन पाट मांडून मी विभूतीचे ताट हातात घेतले होते. पहिल्या पाटावर दुकानातला मोठा मेरिडॉन कॉम्प्युटर, दुसऱ्यावर आमचे कारागीर मुनीरभाई यांच्या पकडी, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचे पेन. तिसरा पाट मोकळा होता. होनरावांच्या घरात या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजा झालेले हत्यार दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत कोणी हातात धरत नाही. माझ्या सासऱ्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापासूनची ही रीत. यजमान गेल्यानंतर ती सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी त्यात कधी सूट दिली नाही.

“म्हणजे सगळ्या घराची यंत्रे विसावतील आणि तुझे तेवढे चालू राहील,” मी म्हणाले.

“पूजाच नाही तर विसावा कसला?” तिने हसून विचारले. त्या हसण्यात उर्मटपणा नव्हता. मला मात्र तो दिसला.

माझा मुलगा संगमेश मध्ये पडला. “आई, तिच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे. पाच वाजायच्या आत तो अहवाल पुण्याला जायला हवा. दोन वर्षं ती औसा तालुक्यात बोअर मोजत हिंडतेय. त्रेचाळीस गावं. नाही गेला तर संपलं, पुन्हा अर्ज घेत नाहीत.”

“मग काल का नाही पाठवला?”

“काल संध्याकाळपर्यंत तीन गावांचे आकडे यायचे होते,” निवेदिता म्हणाली. “रात्री बसून नकाशे पुरे केले. आता फक्त एकदा वाचायचं आणि पाठवायचं.”

भूजलाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेने दोन वर्षांची शिष्यवृत्ती जाहीर केली होती. लातुरात पाणी किती खोल गेले आहे याचे गावोगावचे नकाशे सुनेने केले होते. उन्हातून धुळीने माखून ती परत यायची, तेव्हा शेजारणी मला विचारायच्या, “होनरावांची सून बोअर पाडते का हो?” मी उत्तर देत नसे.

पण माझे भांडण बोअरशी नव्हते. माझे भांडण त्या पेटीशी होते.

आमचे दुकान म्हणजे मेरिडॉन या कॉम्प्युटर कंपनीची लातूर जिल्ह्यातली पहिली एजन्सी. रस्त्यापलीकडे ओमप्रकाश भुतडाचे दुकान; त्याच्याकडे ऑर्लेकची एजन्सी. अकरा वर्षे आम्ही एकमेकांच्या पायऱ्या चढलो नव्हतो. गिऱ्हाईक आमच्याकडे आले की आम्ही म्हणायचो, ऑर्लेक म्हणजे पत्र्याचा रंग. त्याच्याकडे गेले की तो म्हणायचा, मेरिडॉन म्हणजे विटेचे वजन. गावातही तट पडले होते. वकील मेरिडॉनवाले, डॉक्टर ऑर्लेकवाले. कॉलेजच्या एका प्राध्यापकाने दोन्ही घेतली, तर त्याच्यावर दोघांचाही विश्वास उरला नाही. आणि अशा गावात माझ्या सुनेने लग्नानंतर चौथ्या महिन्यात आपल्या कमाईचा लॅपटॉप घेतला तो भुतडाकडून. ऑर्लेकची निळी पेटी भर बाजाराच्या वेळी रस्ता ओलांडून आमच्या दारात आली. “नकाशाचं काम याच्यावरच नीट चालतं, आई,” एवढेच तिचे कारण. भुतडा आपल्या पायरीवर उभा राहून पाहत होता. मला ते सगळे अजून दिसते.

“ठेव पाटावर,” मी म्हणाले. “या घरात राहणारे हत्यार पूजेवाचून राहणार नाही. गेल्या वर्षी मी चुकले असेन.”

निवेदिताने संगमेशकडे पाहिले. मी माझी चूक कबूल करते हे दोघांनाही नवे होते.

“ठेवते,” ती म्हणाली. “पण बारा वाजता मी उचलणार. दसऱ्यापर्यंत नाही.”

“बारा वाजता उचल.”

तिने लॅपटॉप तिसऱ्या पाटावर ठेवला, झाकण मिटलेले, वर एक झेंडूचे फूल. मग ती नैवेद्याची पुरणपोळी करायला माडीवर गेली. संगमेश बेल आणायला मागच्या अंगणात गेला. मुनीरभाई अजून यायचे होते. मी पूजा यथासांग केली. विभूतीचे पट्टे ओढले, फुले वाहिली, तांब्यातले पाणी सोडले, निरांजन ओवाळले.

बरोबर बाराला निवेदिता खाली आली. फूल बाजूला ठेवून तिने लॅपटॉप उचलला, टेबलावर नेला आणि कळ दाबली.

काही झाले नाही.

“बॅटरी उतरली असेल,” संगमेश म्हणाला.

“सकाळीच भरली होती.” तिने वायर लावली, पुन्हा दाबली. एक बारीक दिवा लागला आणि विझला. तिसऱ्या वेळी तोही लागला नाही.

“थांब, जरा थांब. गरम झालं असेल.”

“पाटावर बसून गरम कसं होईल, संगमेश?”

मी निरांजनाची वात पुढे सारत बसले होते. वात नीटच जळत होती.

“कॉपी कुठे आहे?” त्याने विचारले.

“श्रावणातली सीडी आहे. त्यानंतरचं सगळं यातच.” तिचा आवाज चढला नाही, उलट फार खाली गेला. “नवे नकाशे, अहवाल, सगळं. मी आज पाठवून झाल्यावर सीडी करणार होते.”

मुनीरभाई आले ते साडेबाराला. यजमानांच्या वेळेपासूनचे आमचे कारागीर. डोळ्याला भिंग लावले की समोर आग लागली तरी उठायचे नाहीत. संगमेशने त्यांना दारातच सगळे सांगितले.

“आज तर औजारं पाटावर आहेत, वहिनीसाहेब,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले. “हात लावू कसा?”

पाटावरची पकड मी स्वतः उचलली, पदराने विभूती पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

“आई!” संगमेश म्हणाला.

“उघडा, मुनीरभाई,” मी म्हणाले.

ते खिडकीकडे तोंड करून बसले. एकेक स्क्रू काढून बशीत ठेवत होते. निवेदिता दोन पावले पुढे जायची, दोन मागे. मी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवून मी चार वेळा पाहिले. एक वाजून दहा. एक वाजून तेरा. वरून पुरण शिजल्याचा वास येत होता आणि तो मला सहन होत नव्हता.

मुनीरभाईंनी कळांची पट्टी उचलली. त्यांचा हात थांबला. त्यांनी बोटाने आतून काहीतरी टिपले, बोट चोळले. मग भिंग न काढताच मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच.

“काय झालंय?” निवेदिताने विचारले.

“काही नाही बेटा.” त्यांनी बोट आपल्या रुमालाला पुसले. “या ऑर्लेकची बॉडीच कच्ची. हवेतल्या दमटपणानंसुद्धा बसते. मदरबोर्ड गेला बघ याचा.”

“आश्विनात कसला दमटपणा आला हो हवेत?” संगमेश म्हणाला.

“येतो,” मुनीरभाई म्हणाले. “कधी कधी येतो.”

निवेदिता खाली बसली. टेबलाचा पाय धरून ती जमिनीवरच बसली. माझ्या घरात येऊन दीड वर्ष झाले होते. तिला मी असे बसलेले पाहिले नव्हते. एका गावाहून येताना भर मे महिन्यात मोटरसायकल बंद पडल्यावर सात किलोमीटर चालत आलेली मुलगी ती.

“मुनीरभाई,” मी म्हणाले, “यंत्र मेले. तिचे काम मेले का?”

“नाही तर! काम डिस्कमध्ये असतं.” त्यांनी आतून पत्र्याचा एक चपटा तुकडा सोडवून काढला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आणि उजेडात धरला. “ही कोरडी आहे. ही जिवंत असणार.”

कोरडी हा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. ते लगेच पुढे बोलू लागले. “हे बघा वहिनीसाहेब, गंमत बघा. ह्या चिठ्ठीवरचं नाव वाचा. आपल्या मेरिडॉनच्या लॅपटॉपमध्ये पण हीच डिस्क येते. कारखाना एकच. बाहेरची पेटी तेवढी निराळी.”

मी वाचले. अकरा वर्षे ज्यावरून गाव विभागले गेले होते, त्याच्या पोटात एकच कारखाना होता. मला हे कोणी सांगितले नव्हते, की मीच विचारले नव्हते?

“मग लावा ती आपल्या मशीनला,” संगमेश म्हणाला.

“आपलं मशीन मोठं, ही लहान. मध्ये एक कनेक्टर लागतो. आपल्याकडं नाही, आपण लॅपटॉप उघडतच नाही, कंपनीला पाठवतो.” ते घुटमळले. “भुतडाशेठकडं असेल. ते दुकानातच दुरुस्ती करतात.”

दोन वाजले होते.

“मी जातो,” संगमेश म्हणाला, पण उठला नाही. गेल्या गणपतीत वर्गणीवरून त्याची आणि भुतडाची हातघाई होता होता राहिली होती. “मला तो देणार नाही. पण जातो.”

“तू बस,” मी म्हणाले. “मी जाते.”

“तुम्ही?” निवेदिताने मान वर केली.

मी चपला घातल्या. दुपारच्या उन्हात रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला असेल? रस्ता तीस पावलांचा. पानवाल्याने पान लावता लावता हात थांबवला. भुतडा गल्ल्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी पायरी चढले तसा तो उठून उभा राहिला. गल्ल्याला त्याचा गुडघा आपटला.

“गिरिजाकाकू? या, बसा. अहो, पंखा लाव रे!”

“बसायला आले नाही, ओमप्रकाश. लॅपटॉपची लहान डिस्क मोठ्या मशीनला जोडायचा कनेक्टर हवा आहे.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग हसला. “मेरिडॉनवाल्यांना ऑर्लेकच्या डिस्कचं काय काम पडलं?”

“सुनेचा लॅपटॉप बंद पडला.”

“असं होय. बंद पडला.” त्याने ते शब्द चघळले. “ऑर्लेक बंद पडतो हे तुम्ही अकरा वर्षं सांगताय, काकू. आज दिसला म्हणायचा. आता गावाला दाखवून सांगाल.”

“नाही सांगणार.”

“का बरं?”

मी त्याच्याकडे पाहिले. उत्तर माझ्या ओठापर्यंत आले होते. पण ते ज्याचे होते त्याला आधी द्यायचे, भुतडाला नव्हे, एवढे भान मला राहिले.

“तुझ्या पायरीवर उभी राहून मागते आहे, ओमप्रकाश,” मी म्हणाले. “देणार असशील तर दे.”

त्याचे हसू गेले. तो आत गेला, दोन खण उपसले आणि रुंद पट्टीसारखी वायर असलेला एक तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला. “पिना नाजूक आहेत. मुनीरला म्हणावं, उलटी लावू नको, डिस्क जळेल. ती पोरगी माझ्याकडून पेटी घ्यायला आली होती तेव्हाच म्हणाली होती, घरी बोलणी बसतील. बसली का?”

“बसली,” मी म्हणाले आणि वळले.

मुनीरभाईंनी कनेक्टर हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. आता मुख्य प्रश्न उरला होता. मेरिडॉनचे मोठे यंत्र पहिल्या पाटावर होते, गळ्यात झेंडूची माळ, कपाळी विभूतीचे तीन पट्टे, पुढे पानसुपारी. ते सुरू केल्यावाचून काही होणार नव्हते.

“बाहेरच्या कुणाच्या मशीनवर करू,” निवेदिता म्हणाली. “हे नको. आईंची पूजा आहे.”

“नेटची लाइन इथं आहे,” संगमेश म्हणाला. “आणि अडीच वाजलेत.”

मी माळ काढली. पाटापुढचे पान आणि सुपारी बाजूला ठेवली. मग यंत्राचे बटण मी दाबले, दुसऱ्या कोणाला दाबू दिले नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून बेचाळीस खंडेनवम्या मी पाहिल्या होत्या. हत्यार पाटावरून उठलेले त्या दिवशी प्रथम पाहिले.

मुनीरभाईंनी डिस्क लावली. पडद्यावर मेरिडॉनचे चिन्ह आले, गेले, काळे झाले. निवेदिताने माझा दंड धरला होता. बहुधा तिला ते कळले नसावे. काळे राहिले, राहिले, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक नवी डिस्क उमटली.

“औसा,” तिने वाचले. “औसा, भादा, उजनी… आहे. सगळं आहे.”

तिची बोटे कळांवर पडू लागली. लाइन दोनदा तुटली. संगमेशने टेलिफोन खात्याच्या माणसाला घरून उठवले. चार वाजून बावीस मिनिटांनी ती म्हणाली, “गेलं.” पाच मिनिटांनी पुण्याहून पोच आली. संगमेशने मुनीरभाईंना मिठी मारली. त्यांचे भिंग खाली पडले.

निवेदिता उठली, माझ्यापुढे आली आणि वाकली. तिचे कपाळ माझ्या पावलांना लागले.

“आई, तुम्ही आज काय केलंत ते मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पाटावरचं मशीन माझ्यासाठी उठवलंत. भुतडांच्या दारात गेलात. मीच हट्टी. आता शिष्यवृत्तीचे पैसे आले की मी पण मेरिडॉन घेणार. तुमचंच खरं होतं, ऑर्लेक काही भरवशाचं नाही.”

“हेच तर मघापासून सांगतोय मी,” मुनीरभाई घाईने म्हणाले. “चला, पुरणपोळी आणा आता.”

ज्या वाक्यासाठी मी वर्षाहून अधिक वाट पाहिली होती, ते तिच्या तोंडून आले होते. मी ते घेऊ शकले असते. मुनीरभाई मरेपर्यंत बोलले नसते; ते गेलेही न बोलता. गावात ती गोष्ट फिरली असती, की होनरावांच्या सुनेचा ऑर्लेक हवेने मेला आणि मेरिडॉनने तिला तारले. भुतडाची चार गिऱ्हाइके आमच्याकडे आली असती.

“घेऊ नकोस,” मी म्हणाले.

“काय?”

“मेरिडॉन घेऊ नकोस. तुझ्या लॅपटॉपला काही झाले नव्हते. त्याचे झाकण मी उघडले.”

मुनीरभाई म्हणाले, “वहिनीसाहेब, जाऊ द्या…”

“मला बोलू द्या.” मी निवेदिताकडे पाहून बोलले. “आमचे पहिले मेरिडॉन आले त्या वर्षी यांनी पूजेचे पाणी कळांवर शिंपडले आणि यंत्र बसले. मुनीरभाईंनी तेव्हाच मला शिकवले, पाणी यंत्रावर नाही, यंत्रासमोर जमिनीवर सोडायचे. तेव्हापासून मी तसेच सोडते. आजही पहिल्या पाटापुढे जमिनीवरच सोडले. तिसऱ्या पाटावर मी झाकण उघडले, तांब्यातले पाणी तीनदा कळांवर सोडले आणि झाकण मिटून वर फूल ठेवले.”

“चुकून,” संगमेश म्हणाला. “आई, चुकून झालं असेल.”

“चुकून नाही.”

रस्त्यावरून झेंडूच्या फुलांचा एक टेम्पो ओरडत गेला.

“पाचची मुदत तुम्हाला माहीत होती,” निवेदिता म्हणाली.

“होती. पण हात पुढे झाला तेव्हा ती मुदत मनात नव्हती. भुतडाची पायरी मनात होती. ही पेटी सगळ्यांदेखत बंद पडावी, एवढेच हवे होते मला.”

तिने ऐकले. रडली नाही, ओरडली नाही. बशीतले स्क्रू मोजून कागदात बांधले, उघडा पडलेला लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि माडीवर गेली. त्या संध्याकाळी पुरणपोळी कोणी वाढली ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी नव्या लुगड्यात कोचावर बसले. पाहुणे येत होते, आपट्याची पाने हातावर ठेवून वाकत होते. मी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत होते. निवेदिता सर्वांच्या शेवटी आली. तिने मुनीरभाईंच्या पायांना हात लावला, ते “अगं नको” म्हणाले तरी लावला. मग ती माझ्यापुढे उभी राहिली. हातात आपट्याचे पान.

तिने पान माझ्या हातात दिले. वाकली नाही. ताठ उभी राहून, माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, “सोनं घ्या, आई.”

मी दोन्ही हात पुढे करून ते घेतले. आशीर्वादाला उचलायला माझा हात मोकळा नव्हता, आणि तिला तो नको होता. शेजारच्या बाई माझ्याकडे पाहू लागल्या, की आता ही काय बोलते सुनेला. होनरावांच्या घरात माझ्यापुढे न वाकता कोणी सोने दिले नव्हते.

मी कोचावर सरकले आणि तिला माझ्या शेजारी जागा करून दिली. ती बसली नाही; पण गेलीही नाही. पाहुणे निघून जाईपर्यंत ती तिथे, कोचाच्या दांडीला हात लावून, उभी राहिली.